मुक्तस्रोत इंटरनेट कॉलिंग ॲपसाठी फ्रीलान्स विकासकाची नेमणूक : जॉबवर्कची कल्पना आणि स्वामित्वाचा प्रश्न

१. प्रस्तावना

नाशिक येथील अंबड औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क ही संज्ञा सर्वपरिचित आहे. मोठा कारखाना आराखडा व कच्चा माल देतो. लघुउद्योजक लेथवर वा मिलिंग यंत्रावर काम करून सुटा भाग चलनासह परत करतो. माल मूळ मालकाचाच असल्याने तयार भाग कोणाचा, हा प्रश्न उद्भवत नाही. संगणकीय आज्ञावलीच्या बाबतीत मात्र ही समजूत फसवी ठरते. एखादा लघुउद्योग किंवा महाविद्यालय इंटरनेट कॉलिंगचे मोबाइल ॲप फ्रीलान्स विकासकाकडून तयार करून घेते, तेव्हा केवळ मोबदला दिल्याने आज्ञावलीचे स्वामित्व हस्तांतरित होत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे व त्यावरील उपायांचे विवेचन केले आहे.

२. तांत्रिक पार्श्वभूमी

भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात परवानगी मिळाली. संभाषण जोडणाऱ्या ‘सिप’ या नियमसंहितेचे आज प्रचलित असलेले मूळ प्रमाणही २००२ मधीलच आहे. लिनफोन (२००१) व जित्सी (२००३) हे मुक्तस्रोत प्रकल्प याच काळातील होत. त्यामुळे आज कोणताही विकासक असे ॲप शून्यापासून लिहीत नाही. उपलब्ध मुक्तस्रोत भागांवर तो आपले काम रचतो. अर्थात, तयार ॲपमध्ये इतरांचे लेखन आणि विकासकाचे नवे लेखन असे दोन थर असतात. या दोहोंचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

३. नव्या लेखनाचे स्वामित्व

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणकीय आज्ञावली ही ‘साहित्यकृती’ मानली जाते. कलम १७ प्रमाणे कृतीचा प्रथम स्वामी तिचा कर्ता असतो. नोकरीच्या ओघात निर्माण झालेली कृती, विरुद्ध करार नसल्यास, मालकाची ठरते. परंतु फ्रीलान्स विकासक हा नोकर नव्हे. म्हणून लेखी व स्वाक्षरित हस्तांतरण नसेल तर स्वामित्व त्याच्याकडेच राहते. कलम १९ येथे विशेष महत्त्वाचे आहे. हस्तांतरणाचा कालावधी नमूद नसल्यास तो पाच वर्षांचा, आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. ‘सर्व हक्क संस्थेकडे राहतील’ एवढे मोघम वाक्य त्यामुळे पुरेसे नाही. कृती, हक्क, मोबदला, कालावधी व प्रदेश यांचा स्पष्ट उल्लेख आवश्यक ठरतो.

४. मूळ भागांचे परवाने

मुक्तस्रोत म्हणजे बंधनरहित नव्हे. ग्नू जनरल पब्लिक लायसन्सखालील भाग वापरून ॲप वितरित केल्यास ते घेणाऱ्यास संपूर्ण स्रोत त्याच अटींवर उपलब्ध करून द्यावा लागतो. जित्सीने स्वीकारलेला अपाची परवाना तुलनेने सैल आहे. या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याचे उदाहरण म्हणजे व्हीएलसी. ग्नू परवाना व ॲपलच्या वितरण-अटी यांतील विसंगतीमुळे हे ॲप जानेवारी २०११ मध्ये ॲप स्टोअरमधून काढले गेले. परवान्यात बदल केल्यानंतर २०१३ मध्ये ते परतले. म्हणून वापरलेल्या प्रत्येक भागाची व त्याच्या परवान्याची यादी विकासकाकडून कामाच्या आरंभीच घ्यावी. नवे लेखन कोणत्या परवान्याखाली प्रसिद्ध होणार, हेही करारात लिहावे. स्वामित्व विकासकाकडेच ठेवून त्याने मुक्त परवाना द्यावा, हा मार्गही उभयतांना न्याय्य ठरू शकतो. मात्र तोही लेखीच हवा.

५. स्वीकृती व मोबदला

कार्यालयात बसून केलेला एक यशस्वी कॉल ही पुरेशी कसोटी नव्हे. बॅटरी वाचविण्यासाठी अँड्रॉइड २०१५ पासून निष्क्रिय फोनमधील पार्श्वभूमीचे काम रोखते. आयफोनवर २०१९ पासून कॉलची पुश-सूचना येताच तो कॉल यंत्रणेकडे नोंदविणे बंधनकारक झाले. त्यामुळे फोन तासभर कुलूपबंद असताना घंटी वाजते काय, वाय-फायवरून मोबाइल डेटावर जाताना संभाषण टिकते काय, हे तपासावे. स्रोताचे भांडार, ॲप स्टोअरचे खाते व स्वाक्षरी-किल्ली संस्थेच्या ताब्यात असावी. अन्यथा विकासक उपलब्ध नसताना ॲपची सुधारित आवृत्ती काढणे दुरापास्त होते.

विकासकाचे हितही तितकेच महत्त्वाचे आहे. तो सूक्ष्म उपक्रम म्हणून नोंदणीकृत असल्यास, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार काम स्वीकारल्यापासून कमाल ४५ दिवसांत त्याचे देयक चुकते करावे लागते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. थकलेल्या देयकांचा जाच अंबडच्या लघुउद्योजकास वेगळा सांगावयास नको.

६. निष्कर्ष

जॉबवर्कमध्ये चलन मालाची मालकी सिद्ध करते. आज्ञावलीच्या बाबतीत ते कार्य लेखी करारच करू शकतो. हस्तांतरणाचा तपशील, परवान्यांची यादी, स्वीकृतीच्या कसोट्या व देयकाची मुदत या चार बाबी काम सुरू होण्यापूर्वी निश्चित झाल्यास संस्थेचे ॲप निराधार होत नाही आणि विकासकाचे श्रमही वाया जात नाहीत. महाविद्यालयांनी प्रकल्पकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांना आज्ञावली-लेखनासोबत असा करार वाचण्याचे व लिहिण्याचे शिक्षण देणे म्हणूनच अगत्याचे आहे.