मौजे अमुक, तालुका अंधेरी : उपनगरांतली गावं कशी वाचायची

मंडळी, आज घरी गेल्यावर एक काम करा. घराचा करारनामा कपाटातून काढा आणि जागेचं वर्णन असतं ते पान उघडा. बिल्डिंगचं नाव काहीही असो, तिथे लिहिलेलं असतं 'मौजे ओशिवरा, तालुका अंधेरी' किंवा 'मौजे एकसर, तालुका बोरिवली'. मुलुंड-घाटकोपरवाल्यांचा तालुका कुर्ला. पवईत राहणाऱ्या कितीतरी लोकांना आपण 'मौजे तिरंदाज'मध्ये राहतो याचा पत्ताच नसतो. मौजे म्हणजे महसुली गाव. गावं गेली असं आपण म्हणतो, पण तलाठ्याच्या दप्तरात ती अजून आहेत.

आम्ही या गावांच्या आठवणी गोळा करत फिरतो, तेव्हा पहिली अडचण हीच येते. जुने लोक एका नकाशावर बोलतात आणि आपण दुसऱ्या नकाशावर ऐकतो. आजी म्हणते 'आंबिवलीला शेत होतं', आणि नातवाला कल्याणच्या पुढचं आंबिवली स्टेशन आठवतं. आजीचं आंबिवली अंधेरी पश्चिमेला, डी. एन. नगरच्या आसपासचं.

गंमत म्हणजे, ही नावं परत आणली मेट्रोने. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मार्ग सुरू झाला, त्यावर चकाला, मरोळ, साकी, असल्फा अशी गावं ओळीने आली. पुढच्या दोन मार्गांवर गुंदवली, मोगरा, कुरार, आकुर्ली, पोईसर, मागाठाणे, मंडपेश्वर, एकसर, वळनाई. एक स्टेशन तर 'पहाडी गोरेगाव'. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल निघाली तेव्हा गोरेगावच्या स्टेशनचं नाव पहाडीच होतं. दीडशे वर्षांनी ते नाव पुन्हा पाटीवर चढलं. रोज त्या पाटीखाली उभं राहणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, ते सोडा.

आता नावांकडे जरा नीट बघू. बोरिवली, कांदिवली, बांदिवली, गुंदवली, आंबिवली. शेवटचा 'वली' बहुतेक अभ्यासक संस्कृत 'पल्ली'शी जोडतात, म्हणजे वस्ती. पुढे बोर, आंबा अशी झाडं. इंग्लंडमध्ये हेच काम फार पद्धतशीर झालंय. तिथे १९२३ पासून स्थलनामांचा अभ्यास करणारी एक संस्थाच आहे. डर्बी, व्हिटबी अशा नावांतला शेवटचा 'बी' डेन्मार्ककडून आलेल्या लोकांच्या भाषेतला, त्याचा अर्थही वस्तीच. त्यावरून ते लोक कुठवर पोचले, कुठे राहिले, याचा अंदाज तिथल्या अभ्यासकांनी बांधला. आपल्याकडे मागाठाण्याचं उदाहरण घ्या. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानाच्या शिलालेखात 'मंगलस्थान' नावाच्या गावातल्या शेताचा उल्लेख येतो, आणि अभ्यासक ते मागाठाणेच मानतात. म्हणजे मेट्रो स्टेशनवरचं ते नाव दीड हजार वर्षांहून जुनं ठरतं. 'अंधार होता म्हणून अंधेरी' छापाच्या कथा मात्र आम्ही ऐकतो, लिहून घेतो आणि बाजूला ठेवतो.

इंग्लंडचं नाव निघालंच आहे तर एक फरक सांगायला हवा. तिथल्या लहानशा खेड्यातही १५३८ पासून चर्चच्या वहीत लग्नं, बाप्तिस्मे, दफनं यांची नोंद ठेवण्याचा हुकूम होता. सगळ्या वह्या टिकल्या नाहीत, पण गावचा इतिहास लिहायला बसणाऱ्याच्या हाताशी काहीतरी सलग कागद असतो. आपल्या साष्टीचं तसं नाही. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचं बेट, षट्षष्टी. १५३४ मध्ये पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठे, १७७४ मध्ये इंग्रज. प्रत्येकाने आपलं दप्तर आपल्या भाषेत ठेवलं आणि ते लिस्बन, गोवा, पुणे, मुंबई असं पांगलं. ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या नोंदी तरी मिळतात. आगरी, कोळी, कुणबी, वारली घरांना तेवढंही नाही. म्हणून आपल्याकडे तोंडी आठवणीवर जास्त भार पडतो. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर आणि राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापलेली महिकावतीची बखर ही दोन पुस्तकं हाताशी ठेवायचीच. पण त्यांत तुमच्या पणजीची विहीर सापडणार नाही.

मग आठवण तपासायची कशी? दगडांवरून. एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर वल्हवणाऱ्या जहाजांच्या लढाया कोरल्यात. गावठाणांच्या नाक्यांवर क्रूस दिसतात. त्यांच्या पायथ्याचं साल वाचा. कित्येकांवर १८९६ नंतरची लगतची सालं आहेत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला आणि गावाला तो लागू नये म्हणून, किंवा टळला म्हणून, लोकांनी हे क्रूस उभे केले. 'पणजोबांच्या वेळी गाव माळावर जाऊन राहिलं होतं' असं कुणी म्हणालं, की जवळच्या क्रूसाचं साल त्या वाक्याला तारीख देतं.

कोंडिविट्याचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं आहे. तिथे १५७९ मध्ये सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च बांधलं गेलं. १८४० च्या सुमारास साथ आली, वस्ती उठली, लोक मरोळला गेले आणि तिथे नवं चर्च झालं. जुनं जंगलात पडून राहिलं. मग १९७३ मध्ये तिथे सीप्झ आलं आणि ते पडकं चर्च चक्क निर्यात क्षेत्राच्या कुंपणाच्या आत गेलं. आता आत जायचं तर पास लागतो. वर्षातून एकदा, मे महिन्यात, लोक तिथे मिस्सेला जातात. छप्पर नाही, भिंतींवर झाडं उगवलीत, तरी जातात. गाव उठून पावणेदोनशे वर्षं झाली आणि 'आमचं चर्च' हा शब्द अजून तोंडात आहे. आम्हाला तरी एवढं चिवट उदाहरण उपनगरांत दुसरं ठाऊक नाही.

सणही पुरावाच असतो. ईस्ट इंडियन लोकांमध्ये ऑक्टोबरात आगेरा होतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. ज्या गावठाणात आज एक गुंठा शेत नाही तिथेही होतो. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात. विहीर बुजवली तर पाणी कुठून आणायचं हा प्रश्न उभा राहतो, आणि त्या चर्चेत विहिरीची जागा, मालक, पायवाट सगळं आपोआप बाहेर येतं. टेपरेकॉर्डर, म्हणजे आता मोबाइल, तेव्हा चालू हवा.

आता खरी निकड सांगतो. गावठाण म्हणजे गावातली घरांची जागा. शेताला सातबारा होता. घराखालच्या जागेची, अंगणाची वेगळी मोजणी पुष्कळ ठिकाणी झालीच नाही. जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्यात गावठाणाची हद्द ठरवण्याची आणि आतल्या जागा मोजण्याची तरतूद आहे. मोजणी झाली की मिळकत पत्रिका मिळते. तोवर इथलं अंगण डिसोझांचं की पाटलांचं, हे ठरतं शेजाऱ्यांच्या सांगण्यावर. १९५० आणि १९५७ मध्ये ही सगळी गावं दोन टप्प्यांत मुंबई महापालिकेत आली, जमिनीची किंमत चढत गेली, आणि दाटीने बसलेलं कौलारू गाव बाहेरच्याला झोपडपट्टीसारखं दिसू लागलं.

कोळीवाड्यात तर आणखी पेच. वेसाव्याला मासळी वाळवायची मोकळी जागा, होड्या ओढून ठेवायची जागा, जाळी विणायची जागा, यांवर कुठल्याच एका घराचं नाव नसतं. नकाशावर ती रिकामी दिसते. रिकामी जागा म्हटली की पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कोळीवाड्यांच्या हद्दी ठरवायचं काम निघालं तेव्हा वाद झाले ते बऱ्याच अंशी याच जागांवरून, घरं धरायची की वाळवणाची वाळूही धरायची. इथे म्हाताऱ्या बाईने 'अमुक खांबापासून तमुक वडापर्यंत आमच्या वलांड्या असायच्या' असं म्हणणं ही नुसती आठवण राहत नाही.

म्हणून विचारताना 'पूर्वी कसं होतं?' असं विचारू नका. 'छान होतं' एवढंच उत्तर मिळतं. पाणी कुठून आणायचात, बाजाराला कुठल्या वाटेने जायचात, भरतीचं पाणी कुठवर यायचं, खाजणाचा बांध कोण दुरुस्त करायचं, असं विचारा. घोडबंदर रोड म्हणाले तर तो आजचा एस. व्ही. रोड, आग्रा रोड म्हणजे एल. बी. एस. मार्ग, हे मनात ठेवा. जुना फोटो दाखवला तर त्याची मागची बाजूही टिपून घ्या, बरेचदा साल आणि स्टुडिओचं नाव तिथेच असतं. आणि बोलणाऱ्याला आधी विचारून मगच रेकॉर्ड करा. जमिनीचं बोलणं आहे, घरात भाऊबंदकी असते.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मुलुंडहून कुणी आलं असेल तर आधी त्यांनी बोलावं, तिथल्या आखीव रस्त्यांच्या आधीच्या गावाबद्दल आमच्याकडे सगळ्यात कमी जमलंय.