ऑस्ट्रेलियन फुटबॉल : आघाडीच्या फळीचे डावपेच

ऑस्ट्रेलियन फुटबॉल या खेळात प्रतिपक्षाच्या गोलखांबांकडील बाजूस खेळणाऱ्या सहा खेळाडूंच्या दोन रांगांना मिळून आघाडीची फळी म्हणतात. चेंडू या फळीकडे कसा पोहोचवावा, तो येत असता खेळाडूंनी जागा कशी मोकळी करावी आणि हातचा गेलेला चेंडू तेथेच कसा कोंडून धरावा, यांसंबंधीच्या योजना म्हणजे या फळीचे डावपेच होत. या खेळाचे पहिले लेखी नियम मेलबर्न येथे १८५९ साली तयार झाले. व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया व टास्मानिया ही राज्ये त्याची मुख्य क्षेत्रे होत.

डावपेच समजण्यासाठी काही नियम ध्यानात घ्यावे लागतात. हा खेळ हिवाळ्यात बहुधा क्रिकेटच्याच मैदानांवर खेळला जातो. क्रिकेटमुळे आपल्याकडे सुपरिचित असलेले मेलबर्नचे मैदान हेच त्याचेही प्रमुख केंद्र आहे. मैदान लंबवर्तुळाकार असून त्याची लांबी १३५ ते १८५ मी. व रुंदी ११० ते १५५ मी. असते. प्रत्येक संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात. दोन्ही टोकांस ६.४ मी. अंतरावर चार-चार खांब उभारलेले असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडून पार केल्यास गोल होतो व त्याचे ६ गुण मिळतात. कडेच्या खांबांमधील जागेतून गेल्यास 'बिहाइंड' होऊन १ गुण मिळतो. आडवा खांब नाही, गोलरक्षक नाही आणि 'ऑफसाइड'चा नियमही नाही. किमान १५ मी. लांबून लाथाडलेला चेंडू मध्ये कोणाचाही स्पर्श न होता झेलला, तर त्यास 'मार्क' म्हणतात व झेलणाऱ्यास विनाअडथळा लाथ मारण्याची संधी मिळते. ऑफसाइडचा अभाव, मार्क आणि सहास एक हे गुणांचे प्रमाण या तीन गोष्टींतून आघाडीचे जवळजवळ सर्व डावपेच उद्‌भवले आहेत.

पुढच्या रांगेत मध्यभागी 'फुल फॉरवर्ड' व त्याच्या दोन्ही बाजूंस कोपऱ्यातले आघाडीवीर असतात. त्यामागील अर्ध-आघाडीच्या रांगेत मध्य-अर्धआघाडीवीर व दोन पार्श्ववीर असतात. कोपऱ्यातील जागा पूर्वी एका अर्थी विश्रांतिस्थान होती. व्हिक्टोरियन लीगमध्ये १९७८ पूर्वी बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकत नसे. त्यामुळे मैदानभर धावून दमलेले 'रकमन' व 'रोव्हर' आळीपाळीने तेथे उभे केले जात. अदलाबदलीचा नियम आल्यावर ही प्रथा मागे पडली आणि कोपऱ्यातील खेळाडू हा स्वतंत्र तज्ज्ञ बनला. मध्य-अर्धआघाडीवीराची जागा सर्वांत कष्टाची समजली जाते व ते योग्यच आहे. त्याला उंच उडी मारून झेलावे लागते, दोन्ही अंगांना लांब धावावे लागते आणि झेल साधला तरी गोल बहुधा त्याच्या लाथेच्या टप्प्याबाहेरच असतो.

धाव व मोकळी जागा : आघाडीवीराचे मूलभूत कौशल्य म्हणजे 'लीड', म्हणजेच चेंडू घेऊन येणाऱ्या सहकाऱ्याच्या दिशेने अचानक घेतलेली धाव. सहकारी मान वर करून पुढे पाहतो, त्याच क्षणी फुल फॉरवर्ड आपल्या रक्षकाला हुलकावणी देऊन निघतो; रक्षक अर्धे पाऊल मागे राहतो आणि धावणाऱ्याच्या छातीवर चेंडू येऊन पडतो. धाव थोडी लवकर घेतली तर जागा वाया जाते, उशिरा घेतली तर रक्षक मुठीने चेंडू उडवून लावतो. सरळ पुढे धावल्यास झेलानंतर गोल समोर राहतो. कडेला धावल्यास झेल सोपा होतो, पण लाथेचा कोन अरुंद होतो. बिहाइंडचा एक गुण मिळतो खरा, परंतु त्यानंतर चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. म्हणून अरुंद कोनातील आततायी लाथ ही पुष्कळदा प्रतिपक्षाला दिलेली भेटच ठरते. चेंडू उलट्या गिरकीने फिरवणारी 'ड्रॉप पंट' ही लाथ १९७० च्या दशकापासून सार्वत्रिक झाली, ती याच कारणाने. ती अचूक जाते आणि झेलण्यासही सोपी असते.

एसेंडन संघाचा जॉन कोलमन हा या कलेचा आदर्श मानला जातो. १९४९ मध्ये पहिल्याच सामन्यात त्याने हॉथॉर्नविरुद्ध १२ गोल केले. १९५४ मध्ये गुडघा दुखावून त्याची कारकीर्द संपली, तोवर ९८ सामन्यांत त्याचे ५३७ गोल झाले होते. हंगामातील सर्वाधिक गोलांसाठीचे पदक त्याच्याच नावे दिले जाते. कॉलिंगवुडच्या गॉर्डन कॉव्हेंट्रीचा एकूण १,२९९ गोलांचा विक्रम १९३७ पासून १९९९ पर्यंत टिकला. तो टोनी लॉकेटने मोडला व १,३६० गोलांवर नेला.

धावण्यासाठी रिकामी जागा हवी, ही गोष्ट उघड दिसत असली तरी ती योजनापूर्वक अंमलात आणणारे प्रशिक्षक थोडेच झाले. हॉथॉर्नचे जॉन केनेडी यांनी आपले इतर आघाडीवीर मध्यमैदानाकडे मागे खेचून पीटर हडसनला त्याच्या रक्षकासह एकटे सोडले. १९७१ मध्ये हडसनने १५० गोल करून बॉब प्रॅटच्या १९३४ सालच्या विक्रमाची बरोबरी केली. मध्यभागी होणाऱ्या गर्दीला आळा घालण्यासाठी १९७३ मध्ये हिऱ्याच्या आकाराची व १९७५ मध्ये चौकोनी मध्यरेषा आखण्यात आली. चेंडू मध्यभागी टाकला जाताना तिच्या आत प्रत्येक संघाचे चारच खेळाडू थांबू शकतात. हीच कल्पना नॉर्थ मेलबर्नचे डेनिस पेगन यांनी १९९० च्या दशकात वेन केरीसाठी वापरली. गोलासमोरील सारी जागा मोकळी ठेवून केरीला तेथे धावू दिले जाई. या जागेस लोकांनी 'पेगनचे कुरण' असे नाव दिले. त्या संघाने १९९६ व १९९९ ची अजिंक्यपदे मिळवली. केरीइतका बलवान खेळाडू हाती नसता तर कुरण ओसाडच राहिले असते, हे मात्र विसरता कामा नये.

पडत्या चेंडूचे शिकारी : उंच झेपावलेल्या खेळाडूंच्या घोळक्यातून चेंडू निसटून खाली पडतो, तेव्हा लहान चणीचे चपळ आघाडीवीर तो टिपतात. घोळक्याच्या अगदी पायाशी न जाता समोर काही पावलांवर, चेंडूच्या मार्गाच्या सरळ रेषेत थांबावे, असा या खेळाडूंना पाठ दिला जातो, कारण मुठीने उडवलेला चेंडू बहुधा तेथेच येतो. ॲडिलेड व कार्लटन या संघांकडून खेळलेल्या एडी बेट्सने कोपऱ्यातील जवळजवळ अशक्य कोनांतून वळणाऱ्या लाथांनी केलेले गोल प्रसिद्ध आहेत. वर्षातील सर्वोत्कृष्ट गोलाचा मान त्याला चार वेळा मिळाला.

गर्दी व दाब : मोकळ्या जागेवरचा उतारा म्हणजे ती भरून टाकणे. ऑफसाइड नसल्याने बचाव करणारा संघ आपले बहुतेक सर्व खेळाडू स्वतःच्या गोलासमोर आणू शकतो. या 'पुरा'चे गाजलेले उदाहरण २००० सालचे आहे. त्या हंगामात एसेंडनने एकच सामना गमावला, तो टेरी वॉलेस यांच्या वेस्टर्न बुलडॉग्जविरुद्ध. बुलडॉग्जनी बचावक्षेत्रात एवढी गर्दी केली की एसेंडनच्या उंच आघाडीवीरांना धाव घ्यायला जागाच उरली नाही. प्रेक्षकांना हा प्रकार रुचला नाही, पण प्रशिक्षकांनी त्यातून धडा घेतला.

पुढील दशकात आघाडीच्या फळीवरच बचावाची जबाबदारी आली. चेंडू गमावताच संपूर्ण संघाने पुढे सरकून प्रतिपक्षाला त्याच्याच क्षेत्रात कोंडायचे, ही योजना 'प्रेस' म्हणून ओळखली जाते. मिक मॉल्टहाउस यांच्या कॉलिंगवुडने २०१० चे अजिंक्यपद मुख्यतः तिच्या बळावर जिंकले. बिहाइंडनंतर प्रतिपक्ष चेंडू आत लाथाडतो, त्या वेळी तर हा दाब फार परिणामकारक ठरतो. १९८० च्या दशकारंभी फिट्झरॉयचे प्रशिक्षक रॉबर्ट वॉल्स यांनी या प्रसंगी खेळाडूंचा घोळका करून तेथून सर्व दिशांना फुटण्याची युक्ती काढली होती. आघाडीवीरांनी माणसाऐवजी जागा धरून उभे राहण्याची पद्धत काढली, ती अशा युक्त्यांना उत्तर म्हणूनच. दाबाखालील रक्षक चेंडू मुद्दाम आपल्याच खांबांमधून पार करून एका गुणावर सुटका करून घेत. २००८ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नने असे ११ बिहाइंड दिले व तरीही सामना जिंकला. दुसऱ्याच वर्षी दाब नसताना हेतुपुरस्सर असे करण्यावर फ्री किकची शिक्षा आली.

या बदलाची किंमत फुल फॉरवर्डने मोजली. एका हंगामात शंभर गोल ही पूर्वी थोर खेळाडूची खूण होती. हॉथॉर्नच्या लान्स फ्रँकलिनने २००८ मध्ये ११३ गोल केले. त्यानंतर २०२४ पर्यंत एकालाही शंभरी गाठता आलेली नाही. फ्रँकलिनने मार्च २०२२ मध्ये सिडनीच्या मैदानावर कारकिर्दीतील हजारावा गोल केला, तेव्हा हजारो प्रेक्षक मैदानात धावून आले व सामना अर्ध्या तासाहून अधिक काळ थांबला. त्या जल्लोषात एका लुप्त होत चाललेल्या परंपरेविषयीचा जिव्हाळाही असावा. दुसऱ्या बाजूस, रिचमंडने २०१७ मध्ये डेमियन हार्डविक यांच्या मार्गदर्शनाखाली जॅक रीवोल्ट या एकाच उंच आघाडीवीराभोवती लहान, वेगवान खेळाडू ठेवून अजिंक्यपद मिळवले. त्यांचे काम झेलण्यापेक्षा रक्षकांना पकडण्याचे, चेंडू बाहेर जाऊ न देण्याचे व चुका करवून घेण्याचे अधिक होते. गोलांच्या आकड्यांवरून आघाडीवीराची योग्यता ठरवणे अशा संघाच्या बाबतीत अन्यायकारक ठरेल.

गर्दी कमी व्हावी म्हणून २०१९ पासून मध्यभागी चेंडू टाकताना प्रत्येक संघाने दोन्ही टोकांच्या कमानींजवळ सहा-सहा व मध्यभागी सहा खेळाडू ठेवणे बंधनकारक करण्यात आले. २०२१ मध्ये मार्कच्या जागी उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला हालचालीची मनाई झाली, त्यामुळे चेंडू घेणाऱ्यास आत तिरपी लाथ मारणे सोपे झाले. परंतु सहा-सहाचा नियम केवळ मध्यभागी चेंडू टाकण्याच्या क्षणापुरता आहे. चेंडू खेळात येताच अर्ध-आघाडीची रांग मागे धावू लागते, रक्षक तिच्यापाठोपाठ जातात आणि काही सेकंदांतच पंधरा-वीस खेळाडू पुन्हा चेंडूभोवती गोळा होतात.