चंद्रपूर : परकोट, देवालये व तलाव

विदर्भातील गोंड राजांची एक राजधानी व तटबंदीयुक्त ऐतिहासिक नगर. जुने नाव चांदा. १९६४ पासून चंद्रपूर हे नाव रूढ. ते इरई व झरपट या नद्यांच्या संगमाजवळ वसले आहे. येथील किल्ला डोंगरी किल्ल्यांप्रमाणे वस्तीपासून अलग नसून संपूर्ण जुने शहरच परकोटाच्या आत आहे. त्यामुळे तट, दरवाजे, देवालये, समाधी व जलाशय ही एकाच नगररचनेची अंगे म्हणून पाहावी लागतात.

नगराच्या स्थापनेविषयी एक आख्यायिका प्रचलित आहे. बल्लारपूरचा राजा खांडक्या बल्लाळशाह त्वचारोगाने त्रस्त होता. शिकारीच्या वेळी झरपटच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यातील पाण्याने त्याचा दाह शमला. त्या ठिकाणी अंचलेश्वराचे देवालय उभारण्यात आले. पुढे तेथेच एका सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केल्याचे दिसले, तेव्हा राणीच्या सल्ल्याने त्या पाठलागाच्या मार्गावरून तटाची आखणी झाली, असे सांगतात. तटाचे काम पुढील राजांच्या कारकीर्दींत पूर्ण झाले.

दगडी परकोटाचा घेर सु. ११ किमी. असून त्याला जागोजागी बुरूज आहेत. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा व पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे आहेत. त्यांखेरीज पाच लहान दारे असून त्यांना खिडक्या म्हणतात. चोर, विठोबा, हनुमान, मसण व बगड ही त्यांची नावे. दरवाजांवर हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे.

अंचलेश्वर देवालयाच्या आवारात गोंड राजांच्या समाधी आहेत. त्यांपैकी सर्वांत भव्य समाधी राजा बीरशाहची असून ती त्याची राणी हिराई हिने अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधविली. अंचलेश्वर व महाकाली या देवालयांच्या पुनर्निर्मितीचे श्रेयही तिलाच देतात. महाकालीच्या चैत्र यात्रेस मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, मोठ्या संख्येने भाविक येतात. लालपेठ भागात उघड्यावर प्रचंड अखंड शिल्पे पडून आहेत. त्यांतील दशमुखी दुर्गेच्या मूर्तीस लोक ‘रावण’ म्हणतात. रायप्पा नावाच्या एका व्यापाऱ्याने योजिलेले देवालय अपुरे राहिल्याने ती तशीच राहिली, असे मानतात.

जपानमधील कानाझावासारख्या दुर्गनगरांत सरदारांनी किल्ल्यालगत विहारोद्याने रचली. तेथील केन्रोकुएन उद्यान १८७४ मध्ये सर्वांस खुले झाले. चंद्रपुरात उद्यानाचे ते स्थान पाण्याला मिळाले आहे. झरपटचा काठ व रामाळा तलाव हीच येथील विसाव्याची जुनी ठिकाणे होत. तलावाकाठचे उद्यान मात्र आधुनिक आहे.

गोंड राज्याच्या पूर्वेकडील महत्त्वाचे ठाणे म्हणजे आरमोरी तालुक्यातील वैरागड (जि. गडचिरोली). खोब्रागडी व सतनाला या नद्यांच्या संगमानजीकच्या या गावी खंदकयुक्त किल्ला व भंडारेश्वराचे हेमाडपंती देवालय आहे. येथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात आढळतो. चंद्रपूर पाहणाऱ्याने वैरागडही पाहिल्यास राजधानी आणि सीमेवरील ठाणे यांतील संबंध ध्यानी येतो. हा सर्व प्रदेश पूर्वी एकाच जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला.

नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये गोंड सत्ता संपुष्टात आणली आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून चांदा जिंकले. त्यानंतर तटाचे लष्करी प्रयोजन उरले नाही. झाडेझुडपे, कचरा व वाढती वस्ती यांमुळे त्याची हानी होत गेली. मार्च २०१७ पासून ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी श्रमदानाने तटाची सफाई सुरू केली आणि ती २०० दिवसांहून अधिक काळ चालविली. झुडपे निघाल्यावर बुरुजांची बांधणी पुन्हा दिसू लागली आणि तटावरून फिरणे शक्य झाले. तरी वृक्षमुळांनी सैल झालेले चिरे केवळ सफाईने स्थिर होत नाहीत; त्यांस जाणकारांकडून डागडुजी लागते. वस्तीने वेढलेल्या वास्तूचे जतन कायद्याइतकेच तिच्या सावलीत राहणाऱ्यांच्या आस्थेवरही अवलंबून असते, हे या प्रयत्नावरून दिसून आले.