शिंजीर आणि कोमोडोची घोरपड

शाळेच्या कुंपणावरील जास्वंद फुलली, की एक चिमुकला पाहुणा तेथे हजर होतो. त्याचे नाव जांभळा शिंजीर. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर आणि वजन ५ ते १० ग्रॅम. पण त्याचा मंजुळ स्वर सारे आवार भारून टाकतो.

आता दुसरा प्राणी पाहू. इंडोनेशियातील कोमोडो, रिंचा, फ्लोरेस इत्यादी बेटांवर आपल्या घोरपडीची एक महाकाय बहीण राहते. पाल, सरडा, घोरपड यांच्या गोतावळ्यात तिच्याएवढी थोर कोणी नाही. तिची लांबी ३ मीटरपर्यंत भरते. ७० किलोग्रॅम वजनाची एक घोरपड तराजूच्या एका पारड्यात घातली, तर दुसऱ्या पारड्यात सुमारे दहा हजार शिंजीर बसवावे लागतील!

मग या दोघांत बलवान कोण? उत्तर सोपे वाटते. पण आपण थोडा विचार करू.

वाटीतील दूध पातेल्यातील दुधापेक्षा लवकर निवते. शिंजिराचा देह असाच वाटीएवढा. त्यातून उष्णता भराभर निघून जाते आणि रक्त तर सदैव उष्ण राखावयाचे असते. म्हणून दिवसभर मध आणि किडे टिपीत हिंडणे त्याला भागच आहे. घोरपडीचे तसे नाही. ती उन्हात पडून अंग तापविते. हरिण, रानडुक्कर अशी शिकार साधली, की एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत मांस ती गिळू शकते. आणि वर्षाकाठी अशी दहाबारा जेवणे तिला पुरतात.

दोघांच्या जिभाही पाहण्यासारख्या आहेत. शिंजिराची जीभ नळीसारखी असून ती फुलातील मध ओढून घेते. घोरपडीची जीभ दुभंगलेली. ती हवेतील गंधाचे कण टाळूतील गंधेंद्रियापर्यंत पोहोचविते. तिच्या लाळेतील जंतूंमुळेच सावज मरते, असा पूर्वी समज होता. परंतु तिच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

अपत्यांच्या बाबतीत मात्र चिमुकला जीव सरस ठरतो. शिंजिराची मादी कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी लोंबते घरटे विणते आणि पुढे नरमादी दोघेही पिल्लांना भरवितात. घोरपडीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडताच झाडावर धाव घेतात; कारण मोठ्या घोरपडी त्यांना खाऊन टाकतात! जड देहाच्या मोठ्यांना झाडावर चढता येत नाही, हेच पिल्लांचे भाग्य.

आणखी एक गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. शिंजीर भारतभर सुखाने नांदतो. ही राक्षसी घोरपड मात्र मोजक्या बेटांपुरतीच उरली आहे. तिच्यासाठी १९८० साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. तरीही समुद्राची पातळी वाढून तिची वसतिस्थाने आक्रसतील या भीतीने २०२१ साली तिची गणना संकटग्रस्त प्राण्यांत करण्यात आली. समुद्र चढू लागला, तर दात आणि विष यांचा काय उपयोग?

विद्यार्थिमित्रहो, निसर्गात बळाचे माप केवळ वजनाने होत नाही. त्या दूरच्या घोरपडीचे रक्षण त्या बेटांवरील लोक करीत आहेत. आपल्या ओसरीवरील तारेला शिंजिराने घरटे बांधले, तर पिल्ले उडून जाईपर्यंत त्याला हात न लावणे, एवढे तरी आपण खचित करू शकू.