तारीख 14 एप्रिल, पण बाळाचे आठवडे भरलेत का?

मार्च सरत आला की वस्तीत एक बोलणं हमखास कानावर येतं. सुनेचं सिझर करायचंच आहे, मग 14 एप्रिललाच करून घेऊ. बाबासाहेबांच्या जयंतीला घरात बाळ यावं, ही भावना कुणालाही समजेल. पण मुहूर्त सोडलेल्या घरांनी तारखेचा हट्ट धरावा का?

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत पाणी असतं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरातले बदल हे पाणी शोषायला लावतात. ठरवून केलेल्या सिझरमध्ये बहुतेक वेळा कळा आलेल्याच नसतात. पाणी मागे राहतं आणि बाळाला धाप लागते. दिवस जितके कमी, तितका धोका जास्त. डेन्मार्कमध्ये 34 हजारांहून अधिक बाळांची पाहणी 2008 साली प्रसिद्ध झाली. नैसर्गिक बाळंतपणाच्या तुलनेत ठरवून सिझर केल्यास श्वासाचा त्रास 37 व्या आठवड्यात जवळपास चौपट, 38 व्यात तिप्पट, 39 व्यात दुप्पट दिसला. म्हणून कारण नसेल तर 39 आठवडे पूर्ण होऊ द्यावेत. नववा महिना लागला म्हणजे दिवस भरले, असं नाही.

डॉक्टरांना सरळ विचारा, "त्या तारखेला किती आठवडे पूर्ण होतात?" पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत न्या, आठवड्यांचा हिशोब त्यावरून जास्त खात्रीचा होतो. मात्र आईचं बीपी वाढलंय, बाळाची हालचाल मंदावलीय, अशा कारणाने डॉक्टर लवकर सिझर सांगत असतील तर अडून बसू नका.

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 60 पेक्षा जास्त भरले, बाळ कण्हत असेल, नाकपुड्या फुलत असतील, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल किंवा ओठ निळे पडले, तर नर्सला लगेच सांगा. अशा वेळी तोंडाने दूध पाजायची घाई नको, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. घुटी, मध तर कधीच नको.

बहुतेक बाळं ऑक्सिजनवर दोन-तीन दिवसांत सावरतात, काहींना अतिदक्षता कक्ष लागतो. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत, औषधं बाहेरून आणायला सांगितली तर याची आठवण करून द्या. घरी आल्यावर त्रास दिसला, तर रात्र असली तरी 108 ला फोन करा.