लेकरू बोलायला शिकतं म्हणजे नेमकं काय करतं?



आज बोलायचंय ते बोलण्याबद्दलच. आपल्याकडे लेकराच्या वजनाची चौकशी होते, दातांची होते, पाऊल टाकलं का याची होते. अंगणवाडीताई दर महिन्याला काट्यावर बसवतात. बोलण्याचं मात्र आपण ‘येईल आपोआप’ म्हणून सोडून देतो. आमच्या घरात सव्वादोन वर्षांची लेक आहे. तिचे आईबाबा, आजी आणि मोठा भाऊ असे आम्ही सगळे तिचं बोलणं कान देऊन ऐकतो. बचत गटाच्या जुन्या वहीत कोरी पानं उरली होती, त्यांवर तिचे शब्द तारीख घालून लिहिलेत. ती पानं चाळताना आणि जाणत्या माणसांकडून समजून घेताना एक गोष्ट आम्हाला पटली. लेकरू पोपटासारखं ऐकलेलं परत म्हणत नाही. आपल्या बोलण्यातून ते स्वतः नियम शोधून काढतं.

याची सुरुवात पोटात असतानाच होते. सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास बाळाला बाहेरचे आवाज ऐकू येऊ लागतात, आणि जन्मलेलं बाळ आईचा आवाज ओळखतं. त्याच्या कानाची तर कमालच असते. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक तुम्हाआम्हाला सहज कळतो, पण इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला दोन्ही सारखेच ऐकू येतात, कारण त्यांच्या बोलण्यात त आणि ट असे वेगळे नाहीत. कॅनडातल्या जॅनेट वर्कर या बाईंनी 1984 साली एक प्रयोग छापला. त्यांनी तिथल्या इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तो कळेनासा झाला. म्हणजे तान्हं बाळ जगातल्या सगळ्या भाषांसाठी कान उघडे ठेवून येतं, आणि वर्षाच्या आत घरात जे कानावर पडतं तेवढंच नीट ऐकायला शिकतं. आपल्याला वाटतं, अजून तोंडातून शब्द नाही, म्हणजे शिकणं सुरू झालेलं नाही. खरं तर निम्मी तयारी तोवर झालेली असते.

दोन-तीन महिन्यांचं बाळ हुंकार देतं. सहा-आठ महिन्यांत ‘बाबाबा’, ‘मामामा’ सुरू होतं. हेच आवाज आधी का? तर ओठ मिटले आणि उघडले की ते निघतात, आणि आपले ओठ हलताना बाळाला दिसतात. आपल्या भाषेत ‘आई’ला ओठ मिटावे लागत नाहीत, म्हणून बऱ्याच घरांत ‘बाबा’ आधी येतं आणि बाबा मिशीला पीळ देत फिरतात. आयांनो, वाईट वाटून घेऊ नका. पहिले काही दिवस त्या ‘बाबा’ला काही अर्थ नसतो. आपण धावत जातो, हसतो, उचलून घेतो, त्यातून त्याला अर्थ येतो.

शब्द वर्षाच्या आसपास येतात. पण समजतं त्याच्या कितीतरी आधी. आमची लेक एकही शब्द बोलत नव्हती तेव्हा ‘चिऊ कुठंय?’ म्हटलं की वळचणीकडे बोट दाखवायची. हे बोट दाखवणं फार मोलाचं. ‘मी बघतेय ते तूही बघ’ असं ती बोटानं म्हणत असते. मग ‘हम्मा’ आला. गाय हम्मा, म्हैस हम्मा, शेजारची शेळी हम्मा, आणि एकदा गणपतीच्या देवळातला दगडी उंदीरसुद्धा हम्मा. तिनं चार पायांची एक जात पाडली होती आणि तिला एकच नाव दिलं होतं. जसे शब्द वाढले तशी एकेकाची सुटका झाली. शेळीची आधी, कारण शेळी दारात होती.

उच्चारांचं म्हणाल तर काका ‘ताता’ होतात, गाय ‘दाय’ होते, घर ‘घल’ होतं. क आणि ग घशाजवळून काढावे लागतात, र ला जीभ थरथरवावी लागते, ळ तर आणखी उशिरा जमतो. पण तिला फरक ऐकू येत नाही असं समजू नका. एकदा आजी लाडानं म्हणाल्या, ‘ताता आले बघ.’ पोरगी चिडली. ‘ताता नाई! ताता!’ म्हणजे तिचं म्हणणं असं की मी चुकीचं म्हणते ते म्हणते, तुम्ही नीट ‘काका’ म्हणा. तिच्या कानात काका पक्के बसलेले आहेत, जिभेला अजून पोचता येत नाही एवढंच. म्हणून तिच्यासमोर शब्द दहादा घोकून घेण्यात काही हशील नाही. आपण नीट बोलत राहायचं.

आता गमतीची गोष्ट. वहीत पावणेदोन वर्षांच्या पानावर लिहिलंय, ‘मी केलं’ असं स्वच्छ म्हणाली. दोन वर्षांच्या पानावर आहे ‘मी करलं’, ‘आई गावाला जाली’, ‘मुंगी मरली’. आजी म्हणाल्या, ‘पोर मागं चालली की काय!’ पण बघा, आमच्या घरात ‘करलं’ कुणीच म्हणत नाही, मग तिनं ते आणलं कुठून? बस–बसलं, पड–पडलं, हस–हसलं असं ऐकून ऐकून तिनं हिशेब मांडला की शेवटी ‘लं’ लावलं म्हणजे झालेलं काम होतं. मग कर–करलं. आधीचं ‘केलं’ ऐकलेलं होतं, ‘करलं’ तिनं स्वतः घडवलेलं आहे. चूक भाषेची आहे असं म्हटलं तरी चालेल, भाषेनंच तिथं नियम मोडलाय. अमेरिकेत जीन बर्को यांनी 1958 साली हेच तपासलं. कुठंच नसलेल्या एका प्राण्याचं चित्र काढून त्याला नवंच नाव दिलं आणि मुलांना विचारलं, आता दोन झाले, काय म्हणाल? मुलांनी कधी न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बरोबर केलं. तुम्हीही चार-पाच वर्षांच्या पोराला कागदावर काहीतरी रेघोट्या मारून दाखवा आणि सांगा, हा टिंगा. आणखी एक आला, आता दोन काय? ‘टिंगे’ म्हणेल.

मुलगे ‘मी येते’, ‘मी जेवते’ म्हणतात, त्याला चारचौघांत फार हसतात. अहो, दिवसभर तो आईच्या, आजीच्या मागं असतो, ‘मी’च्या पुढे ‘येते’च ऐकतो. आमची लेक तहान लागली की म्हणायची, ‘तुला पाणी पाह्यजे.’ कारण सगळे तिला तेच विचारतात. हे आपोआप सुटतं. पाहुण्यांपुढं ‘म्हण ना, म्हण ना’ करून त्या चुकीचा खेळ करू नये, पोरं बोलायची बंद होतात.

मग आपण करायचं काय? उत्तर द्यायचं. ती म्हणाली ‘पाणी सांदलं’, तर ‘हो गं, पाणी सांडलं. कुणी सांडलं? मनीनं?’ एवढं पुरे. दुरुस्ती झाली, बोलणंही पुढं गेलं. यासाठी वेगळा वेळ लागत नाही. भाकरी थापताना, शेंगा फोडताना, कपडे वाळत घालताना तोंड मोकळंच असतं. ‘आता पीठ मळू, आता पाणी घालू’ असं सांगत राहिलं तरी लेकराच्या पदरात शब्द पडतात. आपल्या जुन्या बाया बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालताना सारखं बोलायच्या, ते काही उगाच नव्हतं.

मोबाईलही बोलतोच की, असं कुणी म्हणेल. पट्रिशिया कुल यांनी 2003 साली याचंही उत्तर दिलंय. नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांना 12 वेळा चिनी भाषा ऐकवली. काहींना समोर बसलेल्या माणसानं खेळवत ऐकवली, काहींना तीच माणसं पडद्यावर दाखवली. माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनी आवाजांतले फरक कळायला लागले. पडद्यावरून ऐकलेल्यांना काहीच लागलं नाही. मोबाईल बाळाकडे बघत नाही आणि बाळ काय म्हणालं यावर थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नका, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर नको.

आणखी एक. घरात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, भिली, कोरकू जे काही बोलता तेच बाळाशी बोला. ‘शाळेत अडेल’ या धास्तीनं कितीतरी आया स्वतःला अवघडलेली पुस्तकी भाषा वापरतात आणि मग कमीच बोलतात. दोन भाषा लेकराला सहज पेलतात. मुकाट आईचं मात्र त्याला काही घेता येत नाही.

आता शेवटचं आणि जरा जड. काही लेकरं बोलत नाहीत त्याचं कारण त्यांना ऐकू येत नाही. आमच्या आळीतलं एक पोर चार वर्षांचं होईपर्यंत ‘त्याचा बापही उशिरा बोलला होता’ म्हणून घरचे थांबले. जिभेला वेखंड झालं, पोपटाचा उष्टा पेरू झाला. कुणी मध चाटवायला सांगितलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातून विषबाधा होऊ शकते. थाळी वाजवली की ते वळायचं, म्हणून कानाचा संशय कुणाला आला नाही. पण थाळीचा हादरा अंगाला जाणवतो, हात हललेला दिसतो. शिवाय काही लेकरांना मोठा, जाड आवाज ऐकू येतो आणि बोलण्यातले बारीक आवाज येत नाहीत. बहिरं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, म्हणून घरच्यांची फसगत होते. त्या पोराला यंत्र बसलं ते पाचव्या वर्षी. शब्द येतायत, पण एकेक शब्द ओढून आणावा लागतो, कारण कान तयार होण्याची पहिली वर्षं सुनी गेली.

म्हणून लक्ष ठेवा. सहा-सात महिन्यांचं बाळ मागून हाक मारल्यावर वळत नाही, वर्षाचं झालं तरी ‘बाबा-दादा’ असे आवाज नाहीत, बोट दाखवत नाही, दीड वर्षात एक शब्द नाही, दोन वर्षांत ‘दूध दे’सारखे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर थांबू नका. कान वाहत असेल तर तोही दाखवा, त्यानंही ऐकणं कमी होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि ऐकण्या-बोलण्याची तपासणी त्यांच्या कामात धरलेली आहे. ते आले की ‘वजन घ्या’ एवढ्यावर न सोडता ‘हिला ऐकू येतं का बघा’ असं तोंडानं सांगा. पथकाची वाट बघायची नसेल तर आशाताईंकडून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे, 1983 पासून हेच काम करते. जाणकारांचा नियम असा की बाळाचे कान पहिल्या महिन्यात तपासावेत, दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्का कळावा आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू व्हावा. उशीर झाला असला तरी आज जाणं उद्यापेक्षा बरं. तान्ह्या बाळाच्या तपासणीत दुखत नाही, सुई टोचत नाहीत. बाळ झोपलेलं असलं तर काम सोपं होतं, तेव्हा जाताना दुपट्यात गुंडाळून, तिथं पोचल्यावर पोटभर पाजून घ्या.