तेलाच्या डब्याची पाठ

मोटारीच्या इंजिनात कोणते तेल घालावे याविषयी सल्ला देण्यास आपल्याकडे जितके लोक तत्पर असतात तितके बहुधा केवळ सर्दीवर औषध सुचविण्यासच असतात. आणि दोन्ही ठिकाणी सल्लागाराचा आत्मविश्वास व त्याच्या म्हणण्यामागील आधार यांचे प्रमाण व्यस्तच आढळते. मिस्त्री म्हणतो, आपल्या उन्हात जाड तेलच बरे; शेजारी म्हणतात, एकदा फुल सिंथेटिक घातले की बराच काळ बॉनेट उघडायला नको; आणि दुकानदार, ज्या डब्यावर त्याला सवलत अधिक, तोच डबा पुढे सरकवितो. या तिघांनाही डब्याच्या दर्शनी बाजूवरील ठळक अक्षरे पुरेशी वाटतात. वस्तुतः निवडीची सारी मदार डब्याच्या पाठीवर बारीक टाइपात छापलेल्या मजकुरावर, आणि त्याहूनही अधिक, गाडीसोबत मिळालेल्या व डॅशबोर्डच्या कप्प्यात कोरीच राहिलेल्या पुस्तिकेवर असते.

प्रथम दर्शनी बाजूवरील मुख्य शब्दच घेऊ. सिंथेटिक म्हणजे खनिज तेलाशी कसलाही संबंध नसलेले, प्रयोगशाळेत सर्वस्वी नव्याने रचलेले द्रव्य, ही समजूत दृढ आहे. १९७४ साली ‘मोबिल १’ बाजारात आले तेव्हा त्याचा पाया पॉलिअल्फाओलेफिन या खरोखरच रेणू जुळवून घडविलेल्या द्रव्याचा होता. तथापि ते ज्या इथिलीनपासून बनते ते इथिलीनही अखेर खनिज तेलातून वा नैसर्गिक वायूतूनच येते. पुढे शुद्धीकरण कारखान्यांत हायड्रोक्रॅकिंगची, म्हणजे उच्च दाबाखाली हायड्रोजनच्या साहाय्याने खनिज तेलाचे रेणू तोडून त्यांची फेररचना करण्याची, प्रक्रिया इतकी सुधारली की तिच्यातून निघणारे तिसऱ्या गटाचे म्हणून ओळखले जाणारे मूळ तेल गुणांनी पॉलिअल्फाओलेफिनच्या जवळ जाऊन पोहोचले. असे तेल कॅस्ट्रॉलने अमेरिकेत सिंथेटिक म्हणून विकले, मोबिलने जाहिरातींची छाननी करणाऱ्या मंडळाकडे त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९९९ मध्ये मंडळाने कौल दिला तो कॅस्ट्रॉलच्या बाजूने. तेव्हापासून बाजारातील कितीतरी ‘फुल सिंथेटिक’ तेले मुळात अत्युत्तम रीतीने संस्कारित खनिज तेलेच आहेत. यात फसवणूक झाली असे मला वाटत नाही, कारण साध्या खनिज तेलापेक्षा ही तेले उष्णतेत कमी उडतात, उशिरा सडतात आणि थंडीत लवकर वाहतात, हे खरेच आहे. मात्र त्या एका शब्दावरून तेल आपल्या इंजिनाला मानवेल की नाही हे कळत नाही. आणि ‘सेमी सिंथेटिक’ या शब्दावरून तर त्याहूनही कमी, कारण मिश्रणाचे प्रमाण डबा सहसा सांगत नाही.

आता जाड-पातळाचा वाद, ज्यात सर्वांत अधिक गाड्यांचे नुकसान होते असे माझे मत आहे. ५डब्ल्यू-३० अशी जी संज्ञा डब्यावर असते ती अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकातून आलेली आहे. त्यातील डब्ल्यू हिवाळ्याचा; त्याच्या अलीकडचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो, आणि ५डब्ल्यू तेलाची इंजिन फिरविण्याची कसोटी घेतली जाते ती उणे ३० अंश सेल्सिअसला. म्हणजे पुण्या-मुंबईकडे ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू यांतील भेदाने गाडी सुरू होण्यात फारसा फरक पडू नये. तो फरक कळलाच तर लडाखमध्ये जानेवारीत कळतो. दुसरा आकडा १०० अंशांवरील दाटपणाचा. ३० च्या तेलाने तेथे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्सच्या दरम्यान असावे, असा दंडक आहे. अनेकांना वाटते की असे तेल थंडीत पातळ असून तापल्यावर दाट होते. प्रकार नेमका उलटा आहे: हेच तेल ४० अंशांना सुमारे ६० ते ७० सेंटीस्टोक्स इतके दाट असते आणि तापता तापता पातळ होत जाते, केवळ साध्या तेलाइतक्या वेगाने होत नाही, एवढेच.

‘आपल्याकडे ऊन फार, म्हणून जाड तेल’ हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असोत की महाबळेश्वरच्या डिसेंबरात १२, थर्मोस्टॅट इंजिनातील पाणी जवळपास एकाच तापमानावर राखतो, आणि चांगल्या तापलेल्या इंजिनातील तेल दोन्ही ठिकाणी १०० अंशांच्या आसपासच असते. भरलेली गाडी घेऊन लांबलचक घाट चढताना ते त्याहून अधिक तापते, हे कबूल. म्हणून ज्या पुस्तिकेत दोन ग्रेड दिलेले असतील तेथे तशा वापरासाठी त्यांतील अधिक दाट ग्रेड घेणे सयुक्तिक ठरते. मात्र पुस्तिकेत नसलेला ग्रेड उन्हाच्या सबबीखाली घालण्यास तो परवाना नव्हे.

कारण तेल किती दाट असावे हे हवामानापेक्षा इंजिनाच्या रचनेवर ठरते. क्रँक आणि बेअरिंग यांमधील फट, पंपाची ताकद, आणि नव्या इंजिनांत झडपांची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या, तेलाच्याच दाबावर चालणाऱ्या अरुंद वाटा, हे सर्व एका ठरावीक दाटपणाचा हिशेब धरून आखलेले असते. मारुती सुझुकीच्या अलीकडच्या के-मालिकेतील पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ ची शिफारस दिसली की जुने मिस्त्री ‘हे तर पाणी आहे’ म्हणून मान हलवितात. परंतु ती इंजिने त्या पाण्यासाठीच घडविलेली असतात, आणि त्यांत २०डब्ल्यू-५० ओतल्यास ताबडतोब काही मोडत नसले तरी ॲव्हरेज घटते व सकाळी पहिल्या फेऱ्यांत वरच्या भागाला तेल उशिरा पोहोचते. याच्या उलट चूक अधिक गंभीर. १५० अंशांवर, जोराच्या घर्षणाखाली, २० च्या तेलाने किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद आणि ३० च्या तेलाने २.९ एवढा दाटपणा राखावा लागतो. युरोपीय बनावटीची कित्येक इंजिने ३.५ ची अपेक्षा धरतात. अशा इंजिनात मायलेजच्या लोभाने ०डब्ल्यू-२० घालणे म्हणजे बेअरिंगवरील तेलाचा पापुद्रा आपल्या हातांनी विरळ करणे होय.

दाटपणा जुळला म्हणजे तेल जुळले, हाही एक अर्धवट समज. डब्याच्या पाठीवर एपीआय या अमेरिकी संस्थेची, तेलाची श्रेणी सांगणारी अक्षरे असतात. पेट्रोलसाठी २०२० पासून एसपी आणि २०२५ पासून एसक्यू. लहान टर्बो इंजिनांत कमी वेगात, अधिक भाराखाली, ठिणगी पडण्यापूर्वीच इंधन पेटण्याचा जो घातक प्रकार होतो, त्याला तेलातील कॅल्शियमयुक्त रसायने हातभार लावतात असे आढळल्याने नव्या तेलांत त्यांचा काही वाटा मॅग्नेशियमकडे सोपविण्यात आला. सबब टर्बो पेट्रोल गाडीत घरात शिल्लक राहिलेला जुन्या श्रेणीचा डबा संपविणे ही किफायत नव्हे. फोर्डच्या एक लिटरच्या आरंभीच्या इकोबूस्ट इंजिनात तर टायमिंग बेल्टच तेलात भिजत चालतो; तेथे कंपनीने सांगितलेले तेल सोडून दुसरे घातले तर बेल्ट झिजून त्याचे कण तेलाच्या जाळीत अडकतात, आणि मग इंजिन तेलावाचून तडफडते.

डिझेलवाल्यांनी मात्र सर्वांत सावध असावे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडविणारा डीपीएफ आला. साठलेली काजळी तो ठरावीक वेळाने जाळून टाकतो; परंतु तेलातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांची राख जळत नाही, ती कायमची बसते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे तेल लागते: युरोपच्या सी३ श्रेणीत सल्फेटेड राख ०.८ टक्क्यांवर चालत नाही, तर जुन्या ए३/बी४ मध्ये ती १.६ टक्क्यांपर्यंत असू शकते. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-४० आणि फुल सिंथेटिक हेच छापलेले असू शकते, किंमतही सारखी असू शकते. आणि तरी एक डबा त्या फिल्टरचे आयुष्य राखतो तर दुसरा ते कुरतडतो.

राखेचे हे बंधन जुन्या गाड्यांच्या बाबतीत उलट फिरते. ज्यांनी हौसेने पद्मिनी किंवा अँबेसेडर जपली आहे, त्यांच्या इंजिनातील सपाट टॅपेट कॅमवर घासत चालतात आणि त्यांना जस्त-फॉस्फरसयुक्त रसायनाचे संरक्षण हवे असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडू नये म्हणून नव्या पातळ पेट्रोल-तेलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंतच ठेवतात. २०डब्ल्यू-५० सारख्या दाट ग्रेडांना ती मर्यादा लागू नाही. तेव्हा अत्याधुनिक व महागडे ०डब्ल्यू-२० या वृद्ध इंजिनांना सन्मान म्हणून अर्पण करू नये.

किरकोळ समजांचा निकाल थोडक्यात लागतो. सिंथेटिकने सील गळतात ही ख्याती आरंभीच्या तेलांची. पॉलिअल्फाओलेफिनने रबर आक्रसते, म्हणून त्यात सील फुगविणारे एस्टर मिसळू लागले आणि तक्रार मिटली. एकदा सिंथेटिक वापरले की परत फिरता येत नाही, हे निराधार. ही तेले एकमेकांत मिसळतात. तेल काळे झाले म्हणजे वाया गेले असेही नाही: डिझेल इंजिनात ते थोड्याच दिवसांत काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम. मोटारसायकलचे मात्र निराळे आहे. तिचा क्लच त्याच तेलात बुडालेला असल्याने जासो एमए हे जपानी मानक लिहिलेलेच तेल हवे, मोटारीचे उरलेले नको. आणि सिंथेटिकला मुदत नसते, असे मानून चालू नये: पुस्तिका किलोमीटर आणि महिने दोन्ही सांगते, आणि त्यांतील आधी पुरे होईल तेच खरे.

डिपस्टिकविषयी एक शब्द. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, कांडी बाहेर काढावी, फडक्याने कोरडी पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून मग वाचावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली की पुरे. वरच्या खुणेच्या पार जाईल इतके तेल भरल्यास क्रँक ते घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेसाने वंगण होत नाही. बीएस-६ डिझेल गाडी केवळ शहरात, दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांनी चालविणाऱ्यांना मात्र कधी कधी पातळी आपोआप वाढलेली दिसते, आणि तेल खात नाही म्हणून ते गाडीचे कौतुक करतात. ते वाढलेले तेल नसून डीपीएफमधील काजळी जाळण्यासाठी फवारलेले आणि ज्वलन अर्धवट राहिल्याने तेलाच्या चेंबरमध्ये उतरलेले डिझेल असते. कांडीला डिझेलचा वास येत असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता तेल बदलून घ्यावे आणि गाडी अधूनमधून हायवेवर अर्धा तास सलग चालवावी.